पट्ट्याची खूण

माझं शिक्षण चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ऱ्हस्व-दीर्घावरून कुणी नाक मुरडायला नको. मी लिहायला बसलोय ते कुणी आग्रह केला म्हणून नाही. आमच्या घरात एका गोष्टीबद्दल गेली कित्येक वर्षं चुकीचं बोललं जातं. ते मीच बोलू दिलं. आता पुरे झालं.

गोष्ट गाडीच्या पट्ट्याची आहे. टायमिंग बेल्ट म्हणतात त्याला. रबराचा असतो, आतून दाते असलेला, इंजिनाच्या अंगाला झाकणाखाली बसवलेला. तो मी घरी, दारातल्या शेडमध्ये बदलायला घेतला आणि चालत्या गाडीचं इंजिन घालवलं, असं सगळे म्हणतात. इंजिन गेलं हे खरं आहे. बाकीचं सांगतो.

सिन्नर फाट्याच्या पुढं रस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, ट्रकखाली उतरायला एक खड्डा, आणि मी. वीस वर्षं त्या खड्ड्यात काढली. लासलगावहून कांदा भरून पुण्याकडं निघालेला ट्रक बंद पडला की ड्रायव्हर चालत माझ्याकडं यायचा, कारण कांदा थांबत नाही, ताडपत्रीखाली त्याला लगेच घाम सुटतो. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचो, मूठ कानाला लावायचो, आणि कुठल्या सिलिंडरात दुखणं आहे ते सांगायचो. चुकल्याचं आठवत नाही. आठवलं असतं तर तेही लिहिलं असतं, लपवायचं वय गेलं.

मला नावानं कुणी हाक मारत नसे. मिस्त्री म्हणत. घरातसुद्धा. आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बायको शेजारणींशी बोलताना 'मिस्त्री जेवून गेले', 'मिस्त्रींना उपास हाय' असंच म्हणायची. मला ते आवडायचं. तसं कधी तिला सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकात शेवटी शेवटी जागेच्या मालकाला तिथं हॉटेल काढायचं झालं आणि गॅरेज गेलं. तसंही काम कमी झालं होतं. नव्या गाड्यांच्या इंजिनावर प्लॅस्टिकची झाकणं आली, आणि गाडीवाले शिक्का मारलेल्या वर्कशॉपात जायला लागले. मी हत्यारं उचलून नाशिकरोडच्या जेलरोडला घरी आणली. दारापुढं दहा बाय बाराची मोकळी जागा होती, तिथं लोखंडी खांब रोवून पत्र्याचं शेड केलं. खांब मी उभे केले, पत्रे मी चढवले. एखादा ओळखीचा टेम्पोवाला यायचा, कधी कुणाची स्कूटर. आठवडा आठवडा काहीच यायचं नाही. तरी मी सकाळी आंघोळ करून खाकी शर्ट घालून शेडमध्ये जाऊन बसायचो. कुणी काही म्हणो. माणसाला बसायला स्वतःची जागा लागते.

पोरगा एकुलता एक. डिप्लोमा करून सातपूरला कंपनीत लागला, पुढं सुपरवायझर झाला. सूनबाई शिकलेली, घरी पोरांचे क्लास घ्यायची. पुढच्या खोलीत पंधरा-वीस पोरं बसायची, मला पाणी प्यायला आत जायचं तर त्यांच्या दप्तरांवरून पाय टाकत जावं लागायचं. मग पोरानं विषय काढला की शेड पाडून तिथं क्लासला खोली बांधू. आधी सणासुदीला म्हणायचा, मग दर रविवारी म्हणायला लागला. आवाज चढवायचा नाही, कागदावर आखून दाखवायचा, इथं खिडकी, इथं फळा. त्या शांतपणाचाच मला राग यायचा. त्यांचंही काही चुकत नव्हतं. हे आज म्हणतो, तेव्हा म्हटलं नाही.

अशात त्यानं जुनी डिझेल गाडी घेतली. वर्षभर ती चालली छान. दसऱ्याच्या आधी वर्कशॉपवाल्यांनी त्याला सांगितलं की पट्टा बदलायची वेळ झालीय, तुटला तर इंजिन जाईल, गाडी आणून टाका. त्यानं हे जेवताना सांगितलं. मला सांगितलं नाही, सूनबाईला सांगितलं. मी समोर बसलो होतो.

मी म्हणालो, "घरात मिस्त्री असताना गाडी बाहेर का न्यायची?"

तो भाकरीचा तुकडा हातात धरून थांबला. म्हणाला, "अण्णा, ही गाडी ट्रकसारखी नाही."

"पट्टा मी बसवतो. बसला तर शेडचं नाव परत काढायचं नाही. नाही बसला तर मी स्वतः शेड काढून देतो."

"पैज कशाला लावताय?"

"पैज नाही, शब्द आहे."

बायको म्हणाली, जेवा आधी. तेवढ्यावर ते ठरलं.

पट्ट्याचं काम काय ते ज्यानं इंजिन उघडं पाहिलं नाही त्याला सांगतो. माझं लहानपण पेठकडच्या डोंगरात गेलं. तिथं माझी आई आणि चुलती एकाच उखळात दोन मुसळांनी भात कांडायच्या. एकीचं मुसळ खाली जाताना दुसरीचं वर असायचं. बोलत, हसत, बघतसुद्धा नव्हत्या. पण एकीचा ठेका चुकला असता तर मुसळावर मुसळ आपटलं असतं आणि हात मोडला असता. इंजिनात तसंच आहे. खालून पिस्टन वर येतो तेव्हा वरच्या वॉल्व्हनं जागा सोडलेली पाहिजे. पिस्टनचं चाक खाली, वॉल्व्हचं चाक वर, आणि दोघांचा ठेका सांभाळतो तो पट्टा. पंपाचं एक चाक आणखी असतं, त्याचं इथं काम नाही. ट्रकमध्ये हे काम लोखंडी गिअर करतात, जन्मभर बघावं लागत नाही. इथं रबर. रबरावर एवढा भरवसा ठेवणाऱ्यांचं मला तेव्हाही नवल वाटायचं, आजही वाटतं.

तर पट्टा काढताना दोन्ही चाकं कुठं उभी होती ते लक्षात ठेवायचं आणि नवा पट्टा तिथंच चढवायचा. कंपनीनं त्यासाठी चाकांवर खूण कोरलेली असते. पोरानं कुठून तरी पुस्तकाचं पान झेरॉक्स करून आणलं, त्यात चित्र होतं, इंग्रजी होतं. त्यानं चित्रावर बोट ठेवून सांगितलं, "ही खूण जुळवायची, अण्णा. दुसरं काही बघू नका." मी हो म्हणालो आणि तो कामावर गेल्यावर पान हत्यारांच्या पेटीखाली सरकवलं.

आता जे कुणालाच माहीत नाही ते. ती खूण मला दिसली नाही. नखानं ओरखडा काढावा एवढी ती खाच असते, आणि माझ्या डोळ्यांवर त्या वर्षी पडदा धरायला लागला होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. स्पॅनरचे नंबर मी बोटांनी ओळखायचो, वाचायचो कधीच नाही, त्यामुळं लक्षात यायचं काही कारण नव्हतं. मी टॉर्च लावली, कापडानं पुसलं, मान वाकडी करून पाहिलं. काळं चाक, काळं इंजिन, बाकी काही नाही. शेजारच्या कुणाला बोलावून खूण दाखव म्हणालो असतो तर काय झालं असतं? मी म्हणालो नाही.

मग मी माझी खूण केली. ट्रकचे बंपर रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट होता, त्यात बोट बुडवून वरच्या चाकावर एक ठिपका ठेवला आणि त्याच्या बरोबर समोर इंजिनाच्या अंगावर दुसरा. खालच्या चाकाला तसंच. रेघ मला दिसली नसती, बोटाचा ठिपका दिसायचा. ठिपक्यासमोर ठिपका, यात वाईट काही नाही. जुने मिस्त्री सगळे असंच करायचे.

काम चांगलं चाललं होतं हे सांगितलं पाहिजे. इंजिनाखाली जॅक लावला, मधे लाकडाचा ठोकळा दिला, एका बाजूचा पाया, म्हणजे माउंटिंग, सोडवला, झाकण उतरवलं, सैल करून पट्टा काढला. कुठं घाई नाही. सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा तिनं पट्ट्याला ताण देणाऱ्या छोट्या चाकाचं नाव विचारलं, मी सांगितलं टेन्शनर. ती हसली, म्हणाली, "अण्णा, गाडीलाही टेन्शन असतं?" मी म्हणालो, "असतं, पण ती क्लास घेत नाही." ती आणखी हसली. त्या घरात माझ्या बोलण्यावर कुणी हसलं याला बरेच दिवस झाले होते.

नवा पट्टा जुन्याशेजारी धरला तर लांबी सारखीच वाटली. तरी मी बोटांनी दाते मोजले. दोनदा मोजले. नव्याला दोन दाते कमी निघाले. दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचा पट्टा दिला होता. तोवर अंधारून आलं होतं, म्हणून चाकं तशीच उघडी ठेवून बॉनेट टेकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं नाशकात द्वारका चौकातल्या त्याच्या दुकानात गेलो. तो दिवस खंडेनवमीचा. दुकानात तराजू, ड्रॉवर, फोन सगळ्यांना हार घालून झालेले, मालक पाटावर बसलेला. मला दुपारपर्यंत बाहेर उभं केलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, सगळे हाच नेतात, बसतो आरामात." मी दोन्ही पट्टे त्याच्यासमोर काउंटरवर ठेवले आणि मोठ्यानं दाते मोजायला लागलो. गिऱ्हाइकं बघायला लागली तसा त्यानं निमूटपणे आतून दुसरा आणला. तोही मी मोजून घेतला. परत येताना तो पट्टा मांडीवर घेऊन बसलो होतो. मला वाटत होतं की हे पोरानं बघायला पाहिजे होतं.

घरी आलो तर बायकोनं पूजा मांडलेली. दरवर्षी हत्यारं मी पुसून द्यायचो आणि ती पूजायची. त्या वर्षी मी घरात नव्हतो म्हणून तिनंच सगळं केलं होतं. पाटावर धुतलेलं कापड, त्यावर स्पॅनर लहानमोठे ओळीनं, हातोडा, पाने, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, झेंडूची फुलं. लोखंड कसं चकचकत होतं. बॉनेट उघडं, त्याला हार. ती म्हणाली, "समदं पुसून काढलं बघा. गाडीला बी बोट लावलं. ती उघडी पडलीय बिचारी, तिला आधी लावलं." मी नारळ फोडला, हात जोडले. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही हा आमचा नियम, म्हणून काम दसऱ्याच्या सकाळवर गेलं.

दसऱ्याला दुपारी सगळ्यांनी गाडीनं येवल्याला सूनबाईच्या माहेरी जायचं ठरलं होतं. मी सकाळी लवकर शेडमध्ये गेलो. खालच्या चाकाचे ठिपके समोरासमोर होते. वरच्या चाकाचा ठिपका मात्र समोरच्यापासून चार बोटं सरकलेला. मी त्याचं आश्चर्य मानलं नाही. पट्टा काढला की वॉल्व्हच्या स्प्रिंगा चाकाला ढकलतात, ते थोडं फिरतं, हे कुणाही मिस्त्रीला माहीत असतं. पान्यानं चाक फिरवून ठिपक्यासमोर ठिपका आणला, पट्टा चढवला, ताण दिला. चांगला बसला. अंगठ्यानं दाबून पाहिला तर हवा तेवढाच दबत होता.

मग इंजिन हातानं फिरवून बघायचं असतं. दोन फेरे पुरे. मी पाना लावला, अर्ध्या फेऱ्याच्या आत ते अडलं. डिझेल इंजिन हातानं फिरवायला जड असतंच, आत हवा दाबली जाते, वीस वर्षं मनगटाला तो जडपणा माहीत होता. पण हा जडपणा तसा नव्हता. ते हवा दाबण्यासारखं नव्हतं, लोखंडावर लोखंड ठेचण्यासारखं होतं. माझ्या हाताला ते कळलं होतं. हाताला कळलेलं मी डोक्यात येऊ दिलं नाही, कारण तोवर दारात सगळे जमले होते. पोरगा नवा शर्ट घालून, सूनबाई पैठणी नेसून, बायको आरतीचं ताट घेऊन. समोरच्या बंगल्यातले निवृत्त मास्तर कंपाउंडच्या भिंतीला टेकून आमच्याकडं बघत होते.

"मिस्त्री, येवल्याला गाडी जाणार का आम्ही बसचा टायम बघून ठेवू?" मास्तरांनी विचारलं, आणि गल्लीत दोघं-तिघं हसले.

पोरगा हळूच म्हणाला, "अण्णा, दोन फेरे पूर्ण फिरवायचेत असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं किती इंजिनं खोललीत ते लिहिलंय का?" मी म्हणालो. "बस गाडीत. मार चावी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बसला. बायकोनं ओवाळलं. त्यानं चावी फिरवली.

इंजिन एकदा उचलल्यासारखं झालं, आतून काडकन वाजलं, लगेच दुसऱ्यांदा वाजलं, आणि बंद. स्टार्टर नुसता गुरगुरला. वाळकं लाकूड मोडावं तसा तो आवाज होता. मिस्त्रीला असला आवाज समजायला कान लावावा लागत नाही. वॉल्व्ह वाकले होते. मी पोराला म्हणालो, चावी काढ, आता मारू नको.

गल्लीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तरसुद्धा भिंतीपासून आत गेले. पोरगा खाली उतरला, त्यानं सूनबाईला पिशव्या काढायला सांगितलं. ते तिघं बसनं येवल्याला गेले. बायको जायला तयार नव्हती, मीच पाठवली. मला शेडमध्ये कुणी नको होतं.

सगळे गेल्यावर झाकण परत उतरवलं. पट्टा जागच्या जागी होता, एक दाता सरकला नव्हता. ठिपक्यासमोर ठिपका होता. मी त्या वरच्या चाकाच्या ठिपक्यावर बोट घासलं. बोट लाल झालं.

ऑइलपेंट दोन दिवसांनी बोटाला लागत नाही. समोरचा इंजिनावरचा ठिपका घासला, तो ढिम्म हलला नाही. परत चाकावरचा घासला, तो पुसला गेला. तेलात कालवलेलं कुंकू होतं ते. नुसतं कुंकू लोखंडावर थांबत नाही म्हणून बायको तेलात कालवायची, हे मला लग्नापासून माहीत होतं. चाकाला रॉकेलचा वास येत होता. हत्यारं पुसायचा बोळा खांबामागं पडला होता, त्यावर माझा लाल रंग होता. मी रंग लावला त्याला एक रात्रच झाली होती, ओला असणार. तिनं तो डाग समजून पुसून काढला, पुसता पुसता चाक फिरलं असेल, आणि त्यावर, माझ्या ठिपक्याच्या जागी नाही, हात पोचला तिथं, मनोभावे आपलं बोट लावलं. उघडं पडलेलं इंजिन, त्याला आधी.

मी खाली बसलो. मग उठलो आणि उरलेलं कुंकू कापडानं स्वच्छ पुसून टाकलं. बोळा जाळला.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यानं बायकोला पाठीशी घातलं. तेवढं मोठं मन माझं नाही. मी सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की कंपनीची खूण का नाही पाहिली. मग डोळ्यांचं निघालं असतं. आणि पुढं गल्लीत सांगितलं गेलं असतं की मिस्त्रीनं कुंकवाला टायमिंगची खूण समजून इंजिन जुळवलं. इंजिन घालवलं हे एक वेळ ऐकून घेता येतं. हे ऐकून घेता आलं नसतं. म्हणून गप्प बसलो. त्यातून ती वाचली ती आपोआप.

संध्याकाळी पोरगा येवल्याहून आला. त्याला मी म्हणालो, माझं चुकलं. एवढंच. तो म्हणाला, "असू द्या." त्यानं भांडायला पाहिजे होतं.

तीन-चार दिवसांनी गाडी ओढून वर्कशॉपात नेली. मी बरोबर गेलो, हट्टानं गेलो. तिथं काचेच्या खोलीत पांढऱ्या शर्टातला एक जण फॉर्म भरत होता. त्यानं विचारलं, "बेल्टचं काम आधी कुणी केलंय?" मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पोरगा म्हणाला,

"लोकल मिस्त्री होता एक."

पांढऱ्या शर्टानं मान हलवली आणि लिहिलं. मी पोराच्या मागं, दीड हातावर उभा होतो. त्यानं माझी लाज राखली का स्वतःची, ते त्याचं त्यालाच माहीत. मी त्याला कधी विचारलं नाही. पण 'होता' म्हणाला तो. परत येताना रिक्षात आम्ही दोघं दोन बाजूंनी बाहेर बघत बसलो.

बायकोचं वेगळंच चाललं होतं. ती दोन-तीन दिवस नीट जेवत नव्हती. एकदा दुपारी मी ओट्यावर बसलो होतो तर धान्य निवडता निवडता म्हणाली, "मला मंत्र-बिंत्र येत नाय. काहीतरी चुकलं असंल माझं पूजेत, म्हणून असं झालं."

सगळं सांगून टाकावं असं मनात आलं. मी म्हणालो, "पूजेचा आणि इंजिनाचा काय संबंध? मी चुकलो."

"तुम्ही नाय चुकत," ती म्हणाली आणि खडे बाजूला काढत राहिली.

मला तिचा फार राग आला. एवढा विश्वास माणसानं माणसावर ठेवू नये. ती पुढं कितीतरी वर्षं जगली आणि पूजेत आपलं काहीतरी राहून गेलं असं शेवटपर्यंत समजत होती. एका वाक्यानं ते मिटलं असतं. ते वाक्य आज लिहितोय, ती गेल्यावर तीन वर्षांनी. आणि ती असती तरी तिला वाचता येत नव्हतं.

दिवाळी झाली. शेडबद्दल कुणी बोलेना. पोरानं आखलेला कागदही दिसेनासा झाला. एका रविवारी त्यानं माझ्यासमोर खुर्ची घेतली, बराच वेळ चावीशी खेळला आणि म्हणाला, "अण्णा, शेड राहू द्या. खोलीचं पुढं बघू कधीतरी. तुम्हाला बसायला जागा पाहिजे."

ते तो मनापासून म्हणाला होता, यात शंका नाही. दुसरा कुणी बाप असता तर त्यानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला असता. मला मात्र वाटलं की पट्टा बसला असता तर हे शेड माझं झालं असतं, आता ते मला दिलं जातंय. आजारी माणसाला खिडकीजवळची खाट देतात तसं.

"मी शब्द दिला होता," मी म्हणालो.

"मी तो धरून बसलो नाही."

"मी बसलोय."

दुसऱ्या दिवशी शिडी लावली. त्यानं मजूर आणतो म्हटलं, मी नको म्हटलं. पत्रे ज्या बोल्टांनी धरले होते ते चार-पाच वर्षांत गंजले होते, एकेकावर तेल सोडून, थांबून, मग सोडवायला लागायचं. दिसत काही नव्हतं. सगळं बोटांनी केलं. तोडले असते तर एका दुपारचं काम होतं, पण मी तोडले नाहीत. चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पोरानं रजा टाकली आणि शिडी धरून उभा राहिला. मी त्याला जा म्हणालो. तो गेला नाही. मग मी वरून पत्रा खाली सोडायचो आणि तो धरून भिंतीला लावायचा. खांब मात्र त्याला उपटू दिले नाहीत, ते मी उपटले. हत्यारं सिन्नरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीला देऊन टाकली. त्याच्याकडं अजून ट्रक येतात. तो पैसे विचारत होता, मी म्हणालो, बोलू नको.

उन्हाळ्यापर्यंत खोली उभी राहिली. खिडकी, फळा, सगळं कागदावर होतं तसं. डोळ्यांचं ऑपरेशन मी त्याच्या पुढच्या वर्षी केलं, तेही पडून हात मोडल्यावर, डॉक्टरनंच डोळे तपासले म्हणून. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा फळ्यावरची अक्षरं ओट्यावरून दिसली. इंग्रजी होती.

गाडी नव्या वॉल्व्हवर पुढं सहा वर्षं चालली. मी तिच्यात बसायचो. पुढच्या सीटवर, पोराशेजारी. कुठं बारीक आवाज आला की मला कळायचा, त्यालाही कळायचा की मला कळलाय.

अजून पाहुणे आले की पोरगा सांगतो, इथं आधी अण्णांचं शेड होतं, मग आम्ही ते काढलं. सूनबाई चहा देत असते. मी ओट्यावरून दुरुस्ती करतो. आम्ही नाही, मी काढलं. एक बोल्ट तोडला नाही.